टिकलीच्या गळ्यातले घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. 'जुने' या शब्दावर कोणी हरकत घेईल, कारण माझे वय अवघे दोन वर्षांचे आहे. परंतु यंत्रांचे वय माणसांच्या मापाने मोजू नये. माझ्या काचेच्या उजव्या कोपऱ्याला तडा गेला आहे, मूळचा गुलाबी पट्टा मातकट झाला आहे, आणि सकाळी पोटभर वीज घेऊन निघालो तरी दुपारी चारच्या सुमारास मला धाप लागते. एवढी लक्षणे दिसली तर माणसालाही कोणी तरुण म्हणत नाही. तेव्हा तो शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. पुढेही असेच करीन. जे पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन, जे नंतर कानांवर आले ते तसे म्हणून सांगेन. या दोहोंतील भेद माझ्या कथेत फार महत्त्वाचा आहे.

माझा जन्म कोणत्या गावी झाला, ते मला ठाऊक नाही. एका लांब टेबलापाशी हातमोजे घातलेले पुष्कळ हात बसले होते. एकाने मला काच दिली, एकाने कान दिला, एकाने नकाशा वाचण्याची विद्या दिली. त्यानंतर दीर्घकाळ अंधार होता. डोळे उघडले ते सोलापुरात, नव्या पेठेतील एका दुकानाच्या काचेच्या पेटीत. समोर एक नवरा-बायको उभे होते. नवऱ्याचे नाव सिद्धराम. तो चिंचोळी एमआयडीसीतील एका कारखान्यात कामाला होता. बायको दिपाली शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात शिलाईयंत्रावर बसे. दोघे सोलापूरच्याच बाळे भागात दोन खोल्यांत भाड्याने राहत, आणि त्यांची एकुलती मुलगी राजनंदिनी त्या वेळी चौथीत होती.

ती शाळेतून साडेबाराला घरी येई आणि आई सहाला. मधल्या साडेपाच तासांसाठी घरात एक जुना फोन ठेवलेला असे. हेतू हा, की लेकराला बोलता यावे. पण फोन बोलण्यापुरता राहतो कुठे? राजनंदिनी दप्तर टाकून त्यात डोके घाली, ते आईची चप्पल दारात वाजेपर्यंत. एकदा गॅसवरचे दूध उतू जाऊन ज्योत विझली, खोलीभर वास पसरला, तरी तिला पत्ता नव्हता. शेजारणीने दार वाजवले म्हणून निभावले. त्यानंतरच्या पालकसभेत बाईंनी सांगितले, "फोन नका देऊ. त्याऐवजी मुलांचं घड्याळ मिळतं, ते द्या."

म्हणून ती दोघे माझ्यासमोर उभी होती.

"ह्यात गेम न्हाई, व्हिडिओ न्हाई," दुकानदार सांगत होता. "चारच नंबर बसतात. पोरगी कुटं आहे ते नकाशावर दिसतं. घाबरली तर हे लाल बटण दाबून धरायचं, चारी नंबरांना आपोआप फोन जातो."

"एवढंच पाहिजे," दिपाली म्हणाली, आणि पट्ट्यांचे रंग पाहू लागली.

ती पट्टे पाहत असताना दुकानदार सिद्धरामकडे झुकला. आवाज खाली आणून म्हणाला, "आणि एक सोय हाय, दादा. तुमच्या फोनवरनं हे दाबलं की घड्याळ वाजत न्हाई, पण तिकडचं सगळं तुमाला ऐकू येतं. पोराला पत्ता लागत न्हाई."

"सगळं?"

"सगळं."

दिपालीने गुलाबी पट्टा निवडला. ही शेवटची सोय तिला कोणी सांगितली नाही. मी समोरच होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

पहिले वर्ष माझ्या भाग्याचे होते. जुना फोन कपाटात गेला आणि राजनंदिनीच्या मनगटावर मी आलो. ती कुलूप उघडून आत आली की मला तोंडाशी धरून म्हणे, "आई, आले गं मी," आणि पलीकडे पंचवीस यंत्रांच्या खडखडाटात दिपालीचा जीव भांड्यात पडे. चार नंबरांपैकी एक आईचा, एक वडिलांचा, एक शेजारणीचा आणि चौथा आबांचा, म्हणजे सिद्धरामच्या वडिलांचा, तिच्या आजोबांचा होता. आबांचे नाव ज्ञानबा. त्यांचा दीडशे मेंढरांचा कळप होता. मूळ गाव सांगोल्याकडचे, पण पाऊसकाळ सोडला तर ते आणि मायाक्का आज्जी कळप घेऊन रानोमाळ असत. शेतकरी त्यांना बोलावून आपल्या मोकळ्या रानात मेंढरे बसवीत, कारण काही दिवस कळप बसला की लेंड्यांनी जमिनीला बळ येते. आबांजवळ बटणांचा साधा फोन होता. आज्जीजवळ तोही नव्हता. "मला कोन फोन करतंय? माझी मानसं माझ्याम्होरं हायती," असे ती म्हणे.

शाळेत माझी वाखाणणी झाली. शेजारपाजारच्या तीन घरांत माझी भावंडे आली. मी स्वतःला एक सज्जन यंत्र समजत होतो. अजूनही समजतो, पण आता ते विधान करताना मला थांबावे लागते.

सिद्धरामच्या कारखान्यात कामगारांचे फोन दारावरच्या कपाटात ठेवून घेत. जेवणाच्या सुट्टीत, एक ते दीड, ते हातात मिळत. आधी तो नकाशावर ठिपका पाही आणि डबा उघडी. मग एके दिवशी वर्तमानपत्रात काहीतरी वाईट वाचले, आणि एक वाजून दहा मिनिटांनी माझा कान परस्पर उघडला गेला. माझी काच उजळली नाही, मी वाजलो नाही. राजनंदिनी घरी पाढे म्हणत होती. ते अर्धे मिनिट ऐकून त्याने कान मिटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. महिन्याभरात त्याची भाकरी माझ्या कानाशिवाय उतरेनाशी झाली.

त्याला दुष्ट ठरवणे सोपे आहे, म्हणून मी ते करणार नाही. त्याचे स्वतःचे शिक्षण मेंढरांमागे वाटेत सांडले होते. सहा गावांच्या सहा शाळांत त्याने पाचवी केली आणि सातवीत सोडली. पोरीचे असे होऊ नये, एवढी एकच गोष्ट तो देवाकडे मागत असे. पाचवीत त्याने तिला एका निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसवले. तिथे निवड झाली की बारावीपर्यंत राहणे, खाणे आणि शिकणे सारे एका जागी. त्याच्या दृष्टीने तो स्वर्ग होता. तिला काय वाटते, हे मात्र त्याने कधी विचारले नाही. रोज ऐकणाऱ्या माणसाला विचारावेसे वाटत नाही, हा माझा अनुभव आहे.

एप्रिलच्या अखेरीस सुट्टी लागली. त्या वर्षी आबांचा कळप केगावच्या पलीकडच्या रानात बसला होता. सिद्धराम रोज सकाळी मोटरसायकलवरून राजनंदिनीला तिथे सोडी आणि संध्याकाळी घेऊन येई. तिला तिथे एक कोकरू लाभले होते. कपाळावर गोल काळा ठिपका, म्हणून नाव टिकली. एका दुपारी आज्जी लिंबाखाली भाकरी बडवत होती, टिकली राजनंदिनीच्या मांडीवर होती आणि मी मनगटावर.

"आज्जी, एक सांगू? कुणाला सांगायचं न्हाई."

"सांग की गं नंदे."

"त्या परीक्षेत मी आठ गणितं मोकळी सोडली. येत होती सगळी. मुद्दाम सोडली."

आज्जीचा हात थांबला. "का गं?"

"पास झाले असते तर मला तिकडं ठेवलं असतं. सात वर्षं. मला न्हाई जायचं."

आज्जीने भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "पप्पाला सांग. रागावंल, मग निवंल."

"तू सांगू नको. शपथ घे."

"बिरोबाची आन, न्हाय सांगत."

तेव्हा एक वाजून चौदा मिनिटे झाली होती, आणि माझा कान उघडा होता.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर सिद्धरामने दप्तर बाजूला सारले आणि विचारले, "आठ गणितं मोकळी सोडलीस व्हय गं? बापाची लाज न्हाय वाटली?"

दिपाली चकित झाली. राजनंदिनी पांढरी पडली. त्याच्या रागापेक्षा तिला 'आठ' हा आकडा लागला. तिने विचारले, "आज्जीनं सांगितलं ना तुमाला?"

मित्रांनो, इथे माझ्या मालकाला दोन उत्तरे देता येत होती. 'नाही' हे खरे होते. 'होय' हे खोटे होते. त्याने दोन्ही दिली नाहीत. तो गप्प बसला, आणि मुलीने त्या गप्पपणाचा व्हायचा तोच अर्थ लावला. खोटे न बोलता खोटे पसरवण्याची ही रीत मी त्या दिवशी प्रथम पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून राजनंदिनीने आज्जीशी बोलणे टाकले. आज्जीने भाकरी दिली तर म्हणे, "डबा आणलाय." आज्जी वेणी घालायला बसली तर उठून जाई. तिसऱ्या दिवशी म्हातारीने तिचा हात धरला.

"नंदे, काय झालं? सांग तरी."

"तू पप्पांना सांगितलंस. शपथ घेऊन सांगितलंस. खोटारडी हायस तू."

मायाक्काने हात सोडला. पिवळा भंडारा कपाळी लावणारी ती बाई. देवाची आण घेऊन तिने उभ्या जन्मात मोडली नव्हती. "म्या न्हाय गं सांगितलं," एवढेच ती म्हणाली. पुढे काही सांगण्यासारखे तिच्याजवळ नव्हते, कारण मग कोणी सांगितले हे तिलाही उमगत नव्हते. सिद्धराम संध्याकाळी येई, म्हातारीचा सुकलेला चेहरा पाही, मुलीची फिरवलेली पाठ पाही आणि मोटरसायकलला लाथ मारून निघून जाई. असे नऊ दिवस गेले. मी दोघींच्या मध्ये, मुलीच्या मनगटावर, सारे जाणून बसलो होतो.

पण मुलगी बुद्धिमान होती. आठव्या दिवशी सिद्धराम तिला सहज म्हणाला, "त्या टिकलीला लई कथा सांगत बसतीस म्हणं." ती चमकली. टिकलीशी ती बाभळीआड एकटी असतानाच बोले. तिथे आज्जी नसे, आबाही नसत. रात्रभर तिने तो गुंता मनात ठेवला असावा. नवव्या दिवशी जेवणाच्या वेळी ती बाभळीआड गेली, मला तोंडाशी धरले आणि अगदी सावकाश म्हणाली, "उद्या मी खालच्या विहिरीत पोहायला उतरणार हाय." ती पोहणारही नव्हती आणि खाली विहीरही नव्हती. मग तोंड मिटून तिने माझ्या काळ्या काचेकडे पुष्कळ वेळ पाहिले.

संध्याकाळी मोटरसायकलवर बसता बसता सिद्धराम म्हणाला, "नंदे, विहिरीकडं फिरकायचं न्हाय हं. सांगून ठिवतो."

ती मान हलवून मागे बसली. पण माझ्याखालची नाडी अशी धावू लागली, की मी तिची नोंद करून ठेवली.

आता तिला एकच घाई होती. आज्जीची क्षमा मागायची. ती फोनवर मागता येत नव्हती, कारण आज्जीजवळ फोन नव्हता. आणि प्रत्यक्ष मागायची तर माझ्यासमोर मागायची नव्हती. जे यंत्र तिला माणसांशी बोलता यावे म्हणून दिले होते, त्याच यंत्रामुळे तिचे बोलणे अडले होते. यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझ्या बाजूने एकही चांगला मुद्दा मला सापडलेला नाही.

दुसऱ्या सकाळी सिद्धराम तिला रानात सोडून लगबगीने कामावर गेला. पाहते तो चूल विझलेली, वाघूर गुंडाळलेली. वाघूर म्हणजे कळपाभोवती लावायची जाळी. केगावचे दिवस भरले होते आणि कळप पाकणीच्या रानात हलायचा होता. अशा दिवशी धनगरांची रीत ठरलेली असते. बाया बिऱ्हाड घोड्यावर लादून सरळ वाटेने पुढे जातात, पोरेबाळे त्यांच्याबरोबर; आणि गडी मेंढरे चारत चारत, लांबच्या वळणाने, दिवस कलताना पोचतात.

"आबा, आज्जी कुटं?"

"गेली की म्होरं घोडं घिऊन. आत्ताच."

"मग मी जाते तिच्यासंगं."

"जा, जा. वढ्याजवळ गाठशील," आबा मेंढरांकडे तोंड करूनच म्हणाले.

ज्ञानबांचे 'आत्ताच' आणि माझे 'आत्ताच' यांत एक तास वीस मिनिटांचे अंतर होते, हे मागाहून कळले. मेंढरांमागच्या माणसाचा दिवस मिनिटांत मोजलेला नसतो. त्यांना दोष देता येत नाही. नऊ वाजून पाच मिनिटांनी राजनंदिनीने मला मनगटावरून काढले. टिकलीला जवळ ओढून तिच्या गळ्यात बांधले, आणि म्हणाली, "ऐकू दे आता त्यांना." मग ती पळत ओढ्याच्या दिशेने निघाली. मी नजर पुरेल तोवर पाहिले.

तिथपासून तीन माणसे निश्चिंत झाली. आबांना वाटले, पोरगी म्हातारीबरोबर आहे. आज्जीला वाटले, रुसलेली पोरगी आज कळपाबरोबर आहे. आणि सिद्धरामने एक वाजून दहा मिनिटांनी फोन हाती घेतला, तर ठिपका कळपात, ठिपका हलतो आहे. त्याने माझा कान उघडला. मी त्याला बेंबाटणे ऐकवले, आबांची शीळ ऐकवली, टिकलीचा श्वास ऐकवला. मी कणभरही खोटे बोललो नाही. जिथे होतो ती जागा सांगितली, जे ऐकले ते ऐकवले. पलीकडे तो कोणाला तरी हसून म्हणाला, "मेंढरात रमलीय पोरगी." आणि फोन कपाटात गेला. उन्हाचा पारा तेव्हा त्रेचाळीसवर होता. तेही मी दाखवीत होतो, कोकराच्या गळ्यात.

माझे लाल बटण मला स्वतःला दाबता येत नाही.

चार वाजता शिवणखोलीत चहा होतो. दिपालीने रोजच्याप्रमाणे फोन लावला. ती ऐकत नसे, बोलत असे. म्हणून मी वाजलो. गळ्यात काही वाजते आहे म्हणताच टिकली उधळली, कळप फुटला, आबा शिव्या देत मागे धावले आणि तिला पकडून पाहतात तो गळ्यात मी. काय दाबावे ते त्यांना कळेना. त्यांनी अंगठ्याने जे मोठे दिसले ते दाबून धरले. ते लाल बटण होते. पहिल्यांदा सिद्धरामचा फोन बंद कपाटात वाजून थांबला. मग त्यांच्याच कंबरेचा फोन वाजू लागला. माझ्याकडे पाहत त्यांनी तो कानाला लावला, आणि स्वतःचाच श्वास ऐकून घाबरून बंद केला. शेवटी दिपालीला लागला.

"नंदू? किती वेळ गं उचलायला! जेवलीस का?"

"म्या बोलतोय, दिपाली."

"मामा?" सासऱ्यांचा आवाज ओळखून ती म्हणाली. "तिला द्या की."

"ती हितं न्हाय. हे घड्याळ टिकलीच्या गळ्यात घावलं."

"टिकली कोन?"

"कोकरू."

पलीकडची यंत्रे खडखडत होती. मग दिपालीने विचारले, "मामा, माझी लेक कुटं हाय?"

"म्हातारीसंगं गेली सकाळी."

"आत्यांजवळ पोचली का? तुमी बघितलं का डोळ्यानं?"

आबा तिथेच ढेकळांत खाली बसले.

पुढे जे घडले त्यातील काही मी पाहिले, काही मागाहून ऐकले. आबांनी कळप जोडीदार बिरुदेववर सोडला, मला मुठीत धरले आणि सत्तर वर्षांचा तो माणूस ओढ्याकडे धावत सुटला. दिपालीने कारखान्यात फोन लावला, तेव्हा सिद्धरामला दारावरच्या पहारेकऱ्याने बोलावले. तो पाकणीच्या रानात गेला, तर आज्जी तीन दगडांची नवी चूल मांडून एकटीच बसलेली. "हितं कुटं?" ती म्हणाली. "ती मेंढरासंगं हाय न्हवं?" त्याने नकारार्थी मान हलवताच तिने हातातला तवा टाकला; तो आवाज सिद्धरामला अजून ऐकू येतो, असे त्याने मागाहून दिपालीला सांगितले.

राजनंदिनीचे काय झाले, ते मी पाहिलेले नाही. नंतर तिच्या तोंडून आणि बनाबाईच्या तोंडून ऐकले, तेवढेच सांगतो. ओढ्याजवळ आज्जी नव्हती. पुढे वाट फुटली होती. एक पाकणीला आणि एक कोंडीकडे. तिने कोंडीकडची धरली. तास गेला, दोन तास गेले. सावली नाही, पाणी नाही. बाराच्या पुढे बनाबाई नावाच्या शेतकरणीला ती बांधावर आडवी दिसली. वडिलांच्या कारखान्यापासून ती जागा जेमतेम तीन किलोमीटर होती. बनाबाईने तिला खोपीत नेले, डोक्यावर ओले फडके ठेवले, थेंब थेंब पाणी पाजले.

"कुनाचं गं लेकरू? बापाचा नंबर सांग. माझ्याजवळ फोन हाय."

मित्रांनो, तिला एकही नंबर येत नव्हता. आईचा नाही, वडिलांचा नाही. जवळजवळ दोन वर्षे चारही नंबर माझ्या पोटात होते. तिला पाठ करण्याची गरजच पडली नव्हती.

"घड्याळात हायती," ती पुटपुटली.

"घड्याळ कुटं हाय?"

"टिकलीच्या गळ्यात."

"टिकली कोन?"

"मेंढरू."

बनाबाईला वाटले, ऊन मेंदूत गेले. तिने पुढे काही विचारले नाही. कपाळावरचे फडके बदलत राहिली आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली, की खोपीत एक चुकलेले लेकरू आहे. साडेपाचला तो निरोप सिद्धरामला वाटेत मिळाला.

दोन दिवस राजनंदिनी रुग्णालयात होती. पहिला दिवस तिने कोणालाच ओळखले नाही. दुसऱ्या सकाळी डोळे उघडले तेव्हा मी सिद्धरामच्या खिशात होतो. दिपाली सलाइनची नळी धरून उभी होती आणि मायाक्का पायथ्याशी बसली होती. मुलीने आधी आज्जीला हाक मारली.

"आज्जी, मी तुला खोटारडी म्हटलं."

"म्हन की. माझं काय झिजतंय?"

"तू न्हवतंस सांगितलं."

"न्हवतं. पर आता निज."

"मग सांगितलं कुणी?" दिपालीने विचारले.

सिद्धरामने मला खिशातून काढून खाटेवर ठेवले. "म्या ऐकत हुतो," तो म्हणाला. "ह्याच्यातनं. रोज दुपारी."

"रोज?" दिपाली म्हणाली. "आणि मी? माझंबी ऐकत हुतास काय, ती माझ्याशी बोलत असताना?"

"काळजीनं गं! बाहेर काय चाललंय बघतीस न्हवं? माझीच लेक हाय, म्या काय चोरी केली?"

मायाक्का उठली. तिचा आवाज चढला नाही. "सिद्धा, तू ऐकलंस त्याचं मला काय वाटत न्हाय. बाप हायस, चुकलास. पर नऊ दिस हे लेकरू माझ्या हातचं पानी पीत न्हवतं. तू रोज सांजंला येत हुतास, बगत हुतास. एकदा म्हनायचं हुतंस, 'नंदे, आज्जीनं न्हाय सांगितलं.' एवढं म्हनला असतास तर ही उन्हात गेलीच नसती."

सिद्धराम भिंतीकडे तोंड करून रडू लागला.

शाळा उघडली. निवासी शाळेचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. राजनंदिनीने चारही नंबर पाठ केले. आता ती ते उलटे म्हणूनही दाखवते. मला घालायचे की नाही, यावर दोन दिवस वाद झाला. घरात तिला साडेपाच तास एकटे राहायचे होतेच, म्हणून दिपालीने मला पुन्हा तिच्या मनगटावर बांधले. "ऐकायचं असलं तर वाजवायचं," तिने नवऱ्याला बजावले. सिद्धरामने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

आता माझे म्हणणे. मुलांच्या हाती फोनऐवजी घड्याळ द्यावे, हे मत मला आजही योग्य वाटते. मी स्वतःच्या विरुद्ध साक्ष देतो म्हणून ते खोटे ठरत नाही. पण मित्रांनो, तुमच्या मनगटावर माझे एखादे भावंड आले, तर त्याच्या पट्ट्याचा रंग नंतर पाहा. आधी वडीलधाऱ्यांना विचारा, की ह्याला कान आहे काय, आणि तो कोण उघडतो. निदान दोन नंबर त्याच्या पोटात न ठेवता आपल्या डोक्यात ठेवा. आणि ज्या वडीलधाऱ्यांच्या हाती तो कान आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: माझी काच पुसली नाही तरी चालेल, पण जे माझ्याकडून चोरून घेता, ते एकदा लेकराला समोर बसवून विचारून पाहा.

हे मी आजच का सांगतो आहे? काल दुपारी राजनंदिनी मैत्रिणीबरोबर पायरीवर बसली होती. ती तिला काहीतरी सांगत होती. काय, ते मी सांगणार नाही. एक वाजून दहा मिनिटांनी माझा कान उघडला गेला. अकरा सेकंद उघडा राहिला, आणि मिटला. मग मी मोठ्याने वाजलो.

"पप्पा?"

"काय न्हाय गं. सहज केला. काय चाललंय?"

"काय न्हाई. वाजवलंत म्हणून बरं वाटलं," ती हसून म्हणाली.

त्या अकरा सेकंदांची गोष्ट त्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि आता तुम्हाला. तिला मात्र मी सांगू शकत नाही. माझ्यात पुष्कळ सोयी आहेत. ती एक कोणी ठेवलेली नाही.